सेप्टिक टाकीची गोष्ट : ‘वीस वर्षं बघायला नको’ हे आलं कुठून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जशी बोलले तसंच बरंचसं ठेवलंय. आजचा भाग जेवताना वाचू नका, एवढी सूचना आधीच देते. कारण विषय आहे सेप्टिक टाकी.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची घरं आता गावाकडे बांधली जातायत. आजोबांची दोन एकर जमीन असते, तिच्यात आई-बाबा निवृत्तीनंतर राहायला जाणार असतात, किंवा शनिवार-रविवारसाठी फार्महाऊस निघतं. तिथे नगरपालिकेची ड्रेनेज लाइन नसते. मग गवंडी सांगतो, “दादा, मोठी टाकी बांधू. दहा बाय सहा. एकदा केली की वीस वर्षं बघायला नको.” आणि आपण मान डोलावतो. संडासाबद्दल जास्त बोलायला कुणाला आवडतं?

हे ‘वीस वर्षं बघायला नको’ मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की ते आलं कुठून याचा शोध घ्यावासा वाटला. शोधता शोधता पोचले थेट १८८१ सालच्या फ्रान्समध्ये. या कल्पनेमुळे आपल्या विहिरी बिघडतात आणि माणसं मरतात. म्हणून आजची गोष्ट नीट ऐका.

फ्रान्समधली बंद टाकी

पूर्व फ्रान्समध्ये व्हेझूल नावाचं एक गाव आहे. तिथे जाँ-लुई मुरास नावाचे गृहस्थ राहायचे. त्या काळी घराखाली किंवा मागे मैल्याचा खड्डा असायचा. तो भरला की माणसं यायची, बादल्यांनी उपसायची आणि गाडीत भरून न्यायची. घाण वास, खर्च, आणि रोगराई.

१८६० च्या सुमाराला मुरास यांनी एक पक्की बांधीव टाकी केली. घरातला मैला आणि सांडपाणी एका नळाने आत यायचं, तेवढंच पाणी दुसऱ्या नळाने बाहेर पडायचं. त्यात खुबी अशी, की दोन्ही नळांची तोंडं पाण्याच्या पातळीखाली बुडवलेली होती. त्यामुळे टाकी कायम भरलेली राहायची आणि बाहेरची हवा आत शिरत नव्हती. गोष्ट अशी सांगतात, की बऱ्याच वर्षांनी टाकी उघडली तेव्हा आत घट्ट मैला जवळजवळ नव्हताच. होतं ते पातळ पाणी.

मुरास यांना म्वान्यो नावाचे एक धर्मगुरू येऊन मिळाले. म्वान्यो विज्ञानाचं नियतकालिक चालवायचे. १८८१ मध्ये मुरास यांनी पेटंट घेतलं आणि या टाकीची जाहिरात झाली ती ‘आपोआप उपसणारं यंत्र’ अशा नावाने. म्हणजे उपसणारी माणसं नकोत, गाडी नको, टाकी स्वतःच स्वतःला उपसते.

सापडलं ना? आपल्या गवंड्याचं ‘बघायला नको’ हे याच नावाचं मराठी पणतू आहे.

मुरास खोटं बोलत होते असं मला म्हणायचं नाही. त्यांना जे दिसलं ते खरंच होतं, पण अर्धं होतं. टाकीत मैला कमी होतो हे बरोबर. टाकीत मैला नाहीसा होतो हे चूक. हा फरक कळायला टाकीच्या आत डोकावायला हवं. अर्थात इथे, शब्दांतून. खऱ्या टाकीत चुकूनही डोकावू नका, का ते पुढे येतंच आहे.

टाकीत नक्की होतं काय

समजा घरात पाच माणसं आहेत. संडासाचं पाणी आणि मैला चार इंची पाइपातून टाकीत पडतो. टाकीत पाणी संथ असतं, आणि तो संथपणाच तिचं पहिलं हत्यार. गढूळ पाणी तांब्यात ठेवलं की गाळ खाली बसतो, तसंच इथे होतं. जड ते तळाशी बसतं, तो गाळ. तेल, चरबी, साबणाचा फेस वर तरंगतो, ती साय. मध्ये उरतं ते करड्या रंगाचं पाणी. नवं पाणी आत आलं की तेवढंच मधलं पाणी बाहेर पडतं. मुरासच्या टाकीतली खुबी आजही तशीच आहे: आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा तुकडा जोडतात, म्हणजे साय ढवळली जात नाही आणि फक्त मधलं पाणी बाहेर जातं.

हे बसणं-तरंगणं नीट व्हायचं तर पाणी टाकीत निदान २४ तास तरी थांबायला हवं. भारतीय मानक २४७० मध्ये टाकीचं गणित याच थांबण्यावर मांडलंय. टाकीची लांबी रुंदीच्या दोन ते चार पट असावी असंही त्यात आहे, कारण पाण्याला आत आल्या आल्या बाहेरची वाट सापडता कामा नये. बऱ्याच टाक्यांत मध्ये भिंत घालून दोन कप्पे करतात. पहिला मोठा, दुसरा लहान. पहिल्यातून निसटलेला गाळ दुसऱ्यात अडकतो.

टाकीचं दुसरं हत्यार म्हणजे जिवाणू. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ खातात. त्यातला काही भाग पाण्यात विरघळतो, काही गॅस होऊन जातो: मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. म्हणून टाकीला उंच व्हेंट पाइप लागतो.

पण जिवाणू सगळं खात नाहीत. वाळू, राख, केस, धागे आणि न पचणारा बराचसा भाग तळाशी राहतो. दर वर्षी थोडा थोडा साठत जातो. टाकीचा एक तृतीयांश भाग गाळाने भरला, की पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि गाळ पाण्याबरोबर बाहेर वाहायला लागतो. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. फ्लश चालू असतो, वास नसतो, सगळं मजेत. टाकी मात्र टाकी म्हणून केव्हाच संपलेली असते. ती नुसता एक रुंद पाइप झालेली असते.

म्हणजे ‘वीस वर्षं काही झालं नाही’ याचा अर्थ पुष्कळदा असा असतो, की जे व्हायचं ते जमिनीखाली, विहिरीच्या दिशेने होत होतं.

नाव ठेवलं एक्सेटरने

आता ‘सेप्टिक’ हे नाव. ते आलं इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरातून. तिथले शहर सर्व्हेअर डोनाल्ड कॅमरून यांनी १८९५ च्या सुमाराला शहराच्या एका भागाच्या मैलापाण्यासाठी जमिनीखाली झाकलेली टाकी बांधली आणि तिला सेप्टिक टँक म्हटलं. ग्रीक मुळाचा हा शब्द, अर्थ सडवणारा. तोवर पाश्चरच्या कामामुळे हवेशिवाय जगणारे जिवाणू लोकांना माहीत झाले होते. मुरास यांना जे नुसतं दिसलं होतं, ते का होतं हे कॅमरून सांगू शकत होते. टाकीतला गॅस गोळा करून त्यावर त्या ठिकाणचे दिवेही लावले गेले. केवढी जाहिरात झाली असेल विचार करा!

कॅमरून यांनी अमेरिकेतही पेटंट घेतलं. त्यांच्या कंपनीने मग तिथल्या गावांकडे पैसे मागायला सुरुवात केली, की तुमच्या टाकीत मैला सडतोय, ती प्रक्रिया आमची. १९०८ मध्ये साराटोगा स्प्रिंग्ज या गावाविरुद्धच्या खटल्यात कंपनीच्या बाजूने निकालही लागला. गावं एकवटली, खटले चालले, आणि १९१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ ब्रिटिश पेटंट संपलं तेव्हाच हे पेटंटही संपलं. सडण्यावर मालकी सांगणारी कंपनी गेली, पण या भांडणामुळे सेप्टिक टाकी घरोघरी माहीत झाली.

तोपर्यंत टाकीचा मोठा दावा मात्र ढासळला होता. सगळा गाळ विरघळतो असं जे सांगितलं जायचं, ते वर्षानुवर्षं टाक्या चालवल्यावर टिकलं नाही. गाळ उरतोच, आणि बाहेर पडणारं पाणीही शुद्ध नसतंच. दिसायला बरं असलं तरी त्यात रोगजंतू असतात. कॉलरा, टायफॉइड, कावीळ, जंतांची अंडी. टाकी त्यांना मारत नाही.

मग त्यांना मारतं कोण? त्यासाठी या गोष्टीचा दुसरा धागा पकडायला हवा, आणि तो सुरू होतो मुरासच्याच काळात, पण इंग्लंडमधल्या एका बागेत.

एका पाद्र्याची माती

हेन्री मोल हे डॉर्सेट परगण्यात पाद्री होते. १८५४ च्या कॉलऱ्यात त्यांनी आपल्या वस्तीतली माणसं मरताना पाहिली होती. पुढे १८५९ मध्ये त्यांनी घरचा मैल्याचा खड्डा बंद केला आणि बादल्या वापरायला सुरुवात केली. बादलीतला मैला बागेत चर खणून मातीत मिसळायचे. काही आठवड्यांनी उकरून बघितलं तर मैल्याचा मागमूस नाही, वास नाही, नुसती माती. त्यांनी १८६० मध्ये कोरड्या मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं. ओढणी ओढली की वरून माती पडायची, आपल्याकडे पाणी पडतं तशी. ही कोरड्या मातीची पद्धत हिंदुस्थानातल्या तुरुंगांत आणि लष्करी छावण्यांतही पोचली.

आता आपल्या आजीला यात नवल वाटणार नाही. परसाकडे जाऊन आल्यावर माती लोटायची हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि सोनखत हा शब्द काही कुणी उगाच केलेला नाही. मोल यांनी केलं ते एवढंच, की मातीचं हे काम मोजून, पद्धतशीर दाखवलं.

माती हे कसं करते, याचं उत्तर १८७७ मध्ये पॅरिसजवळ मिळालं. श्लोझिंग आणि म्युंट्स या दोघा शास्त्रज्ञांनी वाळूच्या उभ्या नळीतून हळूहळू मैलापाणी सोडलं. काही दिवसांनी खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसायला लागलं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्लोरोफॉर्म म्हणजे भूल. काम बंद पडलं! माती हे काम नुसती गाळणी म्हणून करत असती, तर तिला भूल चढली नसती. म्हणजे काम करणारं काहीतरी जिवंत होतं. मातीतले हवा घेणारे जिवाणू.

टाकीत हवा नको, मातीत हवा हवी. सेप्टिक व्यवस्थेचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. टाकीतून आलेलं पाणी मातीच्या वरच्या थरांतून सावकाश झिरपतं, तेव्हा मातीचे कण त्यातले जंतू पकडून ठेवतात आणि तिथले जिवाणू त्यांना संपवतात. पण माती पाण्याने गच्च भरलेली असेल तर हवा नाही, आणि हवा नाही तर काम नाही.

जॉर्ज वेअरिंग या अमेरिकन अभियंत्याने १८७० च्या दशकात मोल यांची कल्पना पुढे नेली. सांध्यांत फटी ठेवून मातीचे नळ जमिनीखाली फूट-दीड फुटावर पुरायचे, आणि घरचं सांडपाणी त्यातून मातीला पाजायचं. पुढे मुरास-कॅमरूनची टाकी आणि मोल-वेअरिंगची माती एकमेकांना जोडली गेली. आज अमेरिकेतली पाचातली एकाहून जास्त घरं सेप्टिक व्यवस्थेवर आहेत, आणि खेड्यातल्या मोठ्या जागेवरच्या घरात ती हटकून असते. तिथे टाकीच्या पुढे गवताचा एक मोकळा तुकडा दिसतो. त्यावर झाड नाही, गाडी नाही, शेड नाही. खाली खडीच्या चरांत भोकं पाडलेले पाइप असतात. अर्धं यंत्र तिथे असतं.

दोन एकर आहेत, पण माती कशी आहे?

मोठी जागा असली की आपल्याला वाटतं, प्रश्न मिटला. अमेरिकेनेही हाच धडा महागात घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांभोवती झपाट्याने घरं उठली, प्रत्येक घराला एक टाकी आणि मागे थोडी माती. माती कुठली, पाणी जिरतं का, बघायला वेळ नव्हता. थोड्याच वर्षांत अंगणात काळं पाणी वर यायला लागलं. १९५७ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सेप्टिक टाकीची मार्गदर्शिका काढली, आणि माती तपासणं हा त्यातला महत्त्वाचा भाग होता.

तपासायची रीत अगदी साधी आहे. न्यूयॉर्क राज्यातले हेन्री रायन यांनी ती १९२० च्या दशकात बसवली. जिथे पाणी जिरवायचं तिथे खड्डा घ्यायचा, पाणी भरून माती रात्रभर भिजू द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरायचं आणि पातळी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघायचं. फार वेळ लागला तर पाणी जिरणार नाही. फार पटकन उतरलं तर तेही वाईट, कारण मातीला काम करायला वेळच मिळाला नाही.

आता हे आपल्याकडे लावून बघा. मराठवाड्यात, विदर्भात काळी कसदार जमीन. पावसाळ्यात फुगते आणि थेंबही खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि पाणी सरळ खाली. कोकणात जांभा, त्यात छिद्रंच छिद्रं, पाणी भराभर वाहून जातं, आणि विहीर घराच्या अंगणातच. सह्याद्रीच्या पायथ्याला मुरूम चांगला, पण कित्येकदा दोन-तीन फुटांखाली कातळ. कातळाला भेगा असतात, आणि भेगेत माती नसते. शोषखड्डा कातळापर्यंत खणला तर टाकीतलं पाणी मातीला न शिवता भेगेतून वाट काढतं. तीच भेग शेजारच्या बोअरमध्येही उघडत असेल तर?

आपल्याकडे शोषखड्डा खोल खणण्याची हौस आहे. “वीस फूट खणलाय,” असं अभिमानाने सांगतात. पण मातीतले कामकरी जिवाणू वरच्या थरांत असतात, जिथे हवा पोचते. खोल गेलात की तुम्ही त्यांना ओलांडून थेट भूजलाकडे निघालात. उथळ आणि लांब चर, हे खोल खड्ड्यापेक्षा कधीही बरं. ज्याच्याकडे दोन एकर आहेत त्याला हे परवडतं. मोठ्या जागेचा खरा फायदा हाच.

आणि अंतर. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा किंवा चर पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून निदान ६ मीटर लांब हवा. १८ मीटर म्हणजे साधारण साठ फूट. शिवाय विहीर उताराच्या वरच्या अंगाला, शोषखड्डा खालच्या अंगाला. आपल्या विहिरीपासून लांब नेताना तो शेजाऱ्याच्या विहिरीजवळ नेऊ नका. हे सांगावं लागतं.

माटुंग्याचा गॅस

या सगळ्या इतिहासात आपण कुठे होतो? होतो, आणि बरेच पुढे होतो.

मोबाइलवर बायोगॅसचा इतिहास शोधलात तर बऱ्याच ठिकाणी एक वाक्य सापडेल, की जगातला पहिला बायोगॅस प्रकल्प १८५९ मध्ये मुंबईतल्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात झाला. ऐकायला छान आहे, पण गणित बसत नाही. माटुंग्याचं ते कुष्ठधाम सुरूच झालं १८९० मध्ये, तेव्हाचे मुंबईचे महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने. आज वडाळ्याला आहे ते ॲकवर्थ रुग्णालय म्हणजे तेच. खरी नोंद आहे १८९७ ची: तिथल्या मैलाटाक्यांवर गॅस गोळा करायची सोय केली गेली आणि त्या गॅसवर इंजिन चाललं. एक्सेटरनंतर अवघ्या दोन वर्षांत! चार दशकं मागे ढकलायची गरजच नाही, खरं आहे तेच पुरेसं अभिमानाचं आहे.

म्हणजे टाकीचं तंत्र आपल्याकडे लगेच आलं. मग अडलं कुठे? अडलं उपसण्यापाशी.

उपसायचं कुणी?

मुरासच्या फ्रान्समध्ये उपसणं हा वाईट, पण पैसे देऊन करून घ्यायचा धंदा होता. आपल्याकडे ती जात होती. ठरावीक जातींत जन्मलेल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांचा मैला हाताने उचलायचा, डोक्यावरून न्यायचा, आणि वर अस्पृश्यही ठरायचं. त्यामुळे टाकी भरली की काय करायचं, हा प्रश्न बाकीच्यांना पडलाच नाही. ‘कुणीतरी’ येणार हे गृहीत होतं.

हे गृहीत धरणं मोडायला निघालेला माणूस कोकणातला होता. अप्पासाहेब पटवर्धन. ‘कोकणचे गांधी’ म्हणतात त्यांना. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली. तुरुंगाने नकार दिला, कारण ते काम त्यांच्या जातीचं नव्हतं. अप्पासाहेबांनी अन्नावर बहिष्कार घातला, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये उपोषण सुरू केलं. संडास साफ करायचा हक्क मिळावा म्हणून उपोषण! आज ऐकताना चमत्कारिक वाटतं, पण मुद्दा लक्षात घ्या. हे काम जातीला चिकटलेलं आहे तोवर ते सुधारणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

पुढे १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि तिथे संडासाचे प्रयोग केले. ‘गोपुरी संडास’ हे नाव जुन्या सर्वोदयी कार्यकर्त्यांना अजून माहीत आहे. त्यामागचा विचार असा, की मैला ताजा कुणी हाताळायचाच नाही. खड्ड्यात त्याचं खत होऊ द्यायचं. आज दोन खड्ड्यांचे जे संडास सगळीकडे दिसतात, त्यांचं तत्त्व हेच: एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिला वर्ष-दोन वर्षं बंद ठेवायचा, तोवर आतल्याची माती झालेली असते. देहूच्या डॉ. मापुसकरांनी याच वाटेवर संडासाला बायोगॅस जोडला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पण आपण नवी घरं बांधताना दोन खड्डे नको म्हटलं. आपल्याला ‘टाकी’ हवी होती, पक्की, मोठी, शहरासारखी. टाकी घेतली, माती विसरलो, आणि उपसायला तोच जुना ‘कुणीतरी’ ठेवला.

आता मघाशी म्हटलं होतं ते सांगते. टाकीत डोकावायचं का नाही. हायड्रोजन सल्फाइड थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असेल तर तो वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणजे वास थांबला की माणसाला वाटतं गॅस गेला, आणि नेमका तेव्हाच तो सगळ्यात जास्त असतो. काही श्वासांत माणूस बेशुद्ध होऊन खाली पडतो. वरचा माणूस त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. म्हणून अशा बातम्यांमध्ये आकडा कित्येकदा दोन-तीन असतो, आणि मेलेल्यांत भाऊ किंवा बाप-लेक असतात. झाकण काढून तासभर ठेवलं की चालतं, हा समज चुकीचा आहे. गाळ ढवळला की त्यात अडकलेला गॅस पुन्हा सुटतो. काडी पेटवून बघणं तर आणखी भयंकर, आत मिथेन असतो.

कायदा याबद्दल स्पष्ट आहे. हाताने मैला उचलायला लावण्यावर १९९३ मध्ये पहिली बंदी आली. २०१३ च्या कायद्यात गटारं आणि सेप्टिक टाक्या आल्या. कुणाही व्यक्तीने, कंत्राटदाराने किंवा पालिकेने माणसाला टाकीच्या धोकादायक सफाईसाठी ठेवलं तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘कुणाही व्यक्तीने’ यात तुम्ही-आम्ही घरमालक येतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच कळतं की मृत्यू थांबलेले नाहीत.

आणि हा मृत्यू बऱ्याचदा त्याच टाकीत होतो, जी वीस वर्षं कुणी बघितलेली नसते. गाळाचा दगड झालेला असतो. टँकरची नळी तो ओढू शकत नाही. मग कुणीतरी म्हणतं, “एकाला उतरवा आत.”

मग करायचं काय

फार काही नाही. टाकी बांधताना ती गरजेपुरतीच बांधा, ‘वीस वर्षांची’ नको. तिच्या प्रत्येक कप्प्यावर उघडता येईल असं झाकण ठेवा. फरशीखाली गाडून टाकू नका. टँकर तिथपर्यंत येईल एवढी वाट ठेवा. दोन एकरांच्या जागेत टाकी घरामागे अशा कोपऱ्यात असते, की शंभर फुटांची नळीसुद्धा पुरत नाही. शोषखड्डा खणण्याआधी माती भिजवून घड्याळ लावा. जिरत नसेल, किंवा कातळ जवळ असेल, तर जाणकार अभियंत्याला विचारा, वरती माती टाकून उंचवटा करता येतो. आणि जिथे पाणी कमी, माणसं थोडी, माती बरी, तिथे दोन खड्ड्यांचा संडास टाकीपेक्षा कमी दर्जाचा आहे असं समजू नका.

दर दोन-तीन वर्षांनी टँकर बोलवा. गाळ मऊ असतो तोवर नळीनेच निघतो, कुणाला उतरावं लागत नाही. टँकरवाल्याला विचारा, गाळ कुठे टाकणार? ओढ्यात म्हणाला तर दुसरा बघा. टाकीत ॲसिड, फिनेल भरमसाट ओतू नका, आतले जिवाणू तुमच्याकडे फुकटात कामाला आहेत. बाजारात ‘पावडर टाका, उपसायला नको’ अशा पुड्या मिळतात. १८८१ ची आठवण ठेवा आणि पैसे वाचवा. वाळू, केस आणि न पचणारा गाळ कुठलीही पावडर नाहीसा करत नाही.

मुरासच्या यंत्राचं नाव चुकलं होतं, एवढंच या सगळ्यातून मला कळलं. टाकी फक्त वेगळं करते. शुद्ध करायचं काम माती करते. आणि उपसणं हे आपलं काम आहे, यंत्राने करून घ्यायचं, वेळेवर, पैसे मोजून. ज्या घरात हे तिन्ही होतं तिथल्या विहिरीच्या पाण्याला टाकीचा धोका कमी.

आज घरी एक फोन करा. गावाकडच्या घराची टाकी शेवटची कधी उपसली, आणि तिचं झाकण नक्की कुठे आहे, एवढं विचारा. उत्तर आलं नाही, तर टँकर बोलवायची वेळ झाली असं समजा.

पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि टाकीच्या झाकणावर लहान मुलांना खेळू देऊ नका.